गुलाबाईच्या खाऊची गाडी

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. ऐंशीच्या दशकात जळगावात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्या धंद्यात डोकं थंड ठेवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. रविवारी सकाळी मालिका लागायच्या वेळेला कुणाचा टीव्ही बंद पडला की अख्खं घर माझ्या दारात. "भाऊ, चला लवकर, सुरू झालं!" तोंडात दात घासायचा ब्रश, अंगात बनियन, तसाच मी पळायचो. जाऊन बघावं तर अँटेनावर वानर बसलेलं. पण टीव्हीनं मला जेवढं तापवलं नाही तेवढं एका खेळण्यातल्या रेल्वेनं तापवलं.

ती गाडी माझ्या एका जुन्या मित्रानं आणली. तो आखाती देशात नोकरीला होता, सुट्टीवर आला की काहीबाही घेऊन यायचा. खोका उघडला तर आत वितीएवढं विजेवर चालणारं इंजिन, तीन डबे आणि रुळांचं एक कडं. काय सांगू, डब्यांच्या दारांच्या कड्यासुद्धा दिसत होत्या! चटईवर कडं मांडलं, गाडी सोडली. माझी मुलगी तेव्हा सहा-सात वर्षांची. तिनं चार फेऱ्या बघितल्या आणि विचारलं, "पप्पा, ही जाते कुठं?"

मी म्हटलं, "कुठं म्हणजे? फिरते."

"मग उतरायचं कुठं?"

च्यायला, खरंच की! गाडी आहे म्हटल्यावर ती कुठं तरी गेली पाहिजे, पोरीचं काही चुकलं नव्हतं. मी त्याच दिवशी ठरवलं की ही गाडी मागच्या खोलीतून निघेल, दारातून बाहेर पडेल आणि पुढच्या खोलीत पोहोचेल. प्रश्न रुळांचा होता. तसले तयार रूळ जळगावात कुठं मिळणार? म्हटलं, करू की आपणच. त्यात काय!

त्यात काय, हे पुढं सहा-सात वर्षं कळत राहिलं.

रुळांसाठी मी पितळेची बारीक पट्टी मिळवली. खालच्या आडव्या फळ्यांसाठी, ज्यांना रेल्वेत स्लीपर म्हणतात, दुकानात माल तयारच होता. रेडिओच्या सर्किटसाठी एका बाजूला तांब्याचा पत्रा चिकटवलेल्या पाट्या येतात, त्यांचे तुकडे कापले. तांब्यावर पितळ कथलानं झकास झाळलं जातं. फक्त प्रत्येक तुकड्याच्या मधोमध करवतीनं तांबं खरवडून काढायचं, नाही तर वीज एका रुळातून दुसऱ्या रुळात सरळ चालत जाते. पहिल्या लांबीत मी नेमका एकच तुकडा खरवडायला विसरलो. गाडी जागची हलेना, ट्रान्सफॉर्मर मात्र गरम. तो एक तुकडा शोधण्यात एक अख्खा रविवार गेला. बायको भिंतीजवळ शिलाई मशीन चालवत होती, ती शेवटी म्हणाली, "अहो, लोकांचे टीव्ही असेच दुरुस्त करता का?"

बायको घरी ब्लाउज शिवायची. गल्लीतल्या सगळ्या बायकांची मापं तिला पाठ, आणि माझं मापही तिनं लग्नानंतर लगेचच काढलेलं होतं.

फळीवर रूळ बसवले, दाराच्या उंबऱ्यावरून उचलता येईल असा छोटा पूल केला, आणि सांधे मी असे घट्ट झाळले की नख शिरणार नाही. मला वाटायचं, खऱ्या रेल्वेत दोन रुळांमध्ये फट असते ती त्यांना लांब रूळ आणता येत नाहीत म्हणून. आपल्याला काय, आपण अखंड करू! थंडीत काम संपलं. गाडी लोण्यातून गेल्यासारखी जायची. मी येईल त्याला धरून दाखवत होतो. पावडर लावून झोपलेल्या पाहुण्यालाही उठवून दाखवली.

मग मे महिना आला. जळगावचा मे. मागच्या खोलीवर पत्रे. दुपारी दुकानातून जेवायला आलो आणि बघतो तर रूळ फळीवरून उठून कमान करून उभे! तीन ठिकाणी झाळ तुटलेली, एका जागी तर रूळ पार वाकडा होऊन भिंतीकडं बघत होता. मी हातातली पकड जमिनीवर आपटली. बायको मशीनवरून न उठता म्हणाली, "घाट लागला वाटतं तुमच्या गाडीला." मी जेवलोच नाही. म्हणजे चार वाजेपर्यंत जेवलो नाही.

उन्हाळ्यात पितळ वाढतं, त्याला पाय पसरायला जागा लागते, हे दुकानात रोज झाळणाऱ्या माणसाला कळू नये म्हणजे कमाल झाली. निमूट सगळं उखडलं आणि वीत-दोन वीत अंतरावर फटी ठेवून पुन्हा बसवलं. फटीखालून वीज जायला बारीक तार जोडली. आता रूळ उन्हाळ्यात शहाण्यासारखे वागू लागले. पण गाडी वाजायला लागली. प्रत्येक फटीवर टक, टक, टक. मला काही वाईट वाटलं नाही, उलट खऱ्या गाडीसारखं वाटायचं. ते वाईट वाटलं माझ्या मुलीला, आणि त्याचं कारण गुलाबाई.

आमच्या खानदेशात भाद्रपदाच्या पुनवेला गुलाबाई बसते ती कोजागिरीला उठते. गुलाबाई आणि गुलोजी, मातीची जोडी, बाजूला ज्वारीची धाटं. महिनाभर संध्याकाळी गल्लीतल्या मुली घरोघर जातात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि गाणी संपली की खाऊ. पण खाऊ असा मिळत नाही. तो झाकणाच्या डब्यात असतो आणि आधी ओळखावा लागतो. डबा कानाशी धरून हलवायचा, वास घ्यायचा, गोड की तिखट विचारायचं. फुटाणे खडखडतात, शेव खसखसते, लाडू गडगडतो. कुणालाच ओळखता आला नाही तर पोरींनी "हरलो" म्हणायचं, आणि ज्या घरचा खाऊ तिची कॉलर ताठ.

माझ्या मुलीची कॉलर कधीच ताठ झाली नाही. तिचा खाऊ पहिल्या झटक्यात ओळखला जायचा. एक तर तिचा चेहरा. कुणी "शेव?" म्हटलं आणि आत शेव असली की ही ओठ दाबून छताकडं बघणार. दुसरं म्हणजे तिला केळ्याचे वेफर्स इतके आवडायचे की दर दोन दिवसांनी डब्यात तेच. गल्लीतल्या पोरी टिपऱ्या खाली ठेवायच्या आत "वेफर्स!" म्हणून ओरडायच्या. मग ही "आज नाहीयेत!" म्हणून भांडायची, त्या डबा हिसकायच्या, झाकण उडायचं, वेफर्स सगळ्या खोलीभर. रोज हरायची आणि रोज चिडायची.

एके वर्षी तिनं डोकं चालवलं. खाऊ गाडीतून पाठवायचा! ती स्वतः माझ्यासोबत मागच्या खोलीत बसणार, म्हणजे चेहरा दिसायचा प्रश्न नाही. डबा गाडीतून पुढं जाणार, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, नुसता बघून ओळखायचा. मी गाडीच्या तीन डब्यांपैकी एकाची वरची बाजू काढून टाकली, त्यात कुंकवाच्या करंड्याएवढी डबी नीट बसली. बाकीचा खाऊ स्वयंपाकघरात. पोरी हरखल्या. गाडी निघाली. टक, टक, टक.

आणि प्रत्येक फटीवर आतले फुटाणे उडत होते. गाडी उंबऱ्याच्या पुलावर यायच्या आत पुढच्या खोलीतून कोरस आला, "फुटाणे!"

मुलगी माझ्याकडं अशी बघायला लागली जणू ते मीच त्यांना जाऊन सांगितलं. "पप्पा, तुमचे रूळ चहाडी करतात."

झालं. माझ्या कामाला कुणी नाव ठेवलेलं मला चालत नाही, मग ती माझी पोर का असेना. मी म्हटलं, पुढच्या गुलाबाईला गाडी आवाज न करता आली नाही तर दुकान बंद करीन. असली वाक्यं मी नेहमी बोलून बसतो.

आता फट ठेवावी तर वाजते, न ठेवावी तर मे महिन्यात घाट लागतो. मी कितीतरी रविवार डोकं खाजवलं. फट बारीक केली, मेणानं भरली, उन्हानं मेण वितळून चाकांना लागलं. त्यात जिनिंगचा मोसम सुरू झाला. आमच्या गल्लीच्या टोकाला सरकी काढायचा जिनिंगचा कारखाना होता, सगळ्या हवेत कापसाचे तंतू, ते इंजिनाच्या आसाला गुंडाळले की गाडी ठप्प. मी चिमट्यानं तंतू ओढत आणि शिव्या देत बसलो होतो. बायको ब्लाउजच्या गळ्याची पट्टी जोडत होती. ती म्हणाली, "सरळ कशाला कापता? पट्टी आम्ही उरेप जोडतो. सरळ जोडली की तिथं गाठ लागते हाताला."

उरेप म्हणजे तिरकी. मी तिची पट्टी हातात घेऊन जोडावरून बोट फिरवलं, जोड कळेना. दोन्ही रुळांची टोकं कानशीनं लांब तिरकी घासायची आणि एकमेकांच्या कुशीत बसवायची. उन्हानं वाढली तर शेजारून सरकतील, आणि चाक एका रुळावरून सुटायच्या आत दुसऱ्यावर चढलेलं असेल. "वा गं!" मी ओरडलो. ती म्हणाली, "ओरडू नका, टाका चुकतो."

सगळे सांधे तिरके करायला पावसाळा उजाडला. बोटांची सालं गेली. पण गाडी अशी चालायला लागली की नुसती मोटारीची गुणगुण. डबीत फुटाणे घातले, शेव घातली, हूं की चूं नाही. मुलगी गल्लीत सांगत सुटली की यंदा बघाच. तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, बघूच.

आणि नेमकी तेव्हाच दुकानाची जागा सोडायची वेळ आली. मालकाला ती हवी होती, मी भांडलो, पण जागा त्याची. धुळ्याला देवपुरात माझ्या मेहुण्यानं एक गाळा बघून दिला आणि आम्ही श्रावणात सामान बांधलं. गुलाबाई महिन्यावर. मुलगी रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "तिकडं गुलाबाई बसते ना?" बसते, मी म्हटलं. टेम्पोत मागं ती त्या रुळांच्या फळ्यांवर हात ठेवून बसली. एरंडोल, पारोळा, सगळा रस्ता खड्ड्यांचा. देवपुरात उतरलो तेव्हा निम्मी झाळ हलली होती, ती गुलाबाई बसायच्या आत मी पुन्हा लावली.

घराच्या मालकीणबाई खालीच राहायच्या, सगळे त्यांना अक्का म्हणायचे. वर येऊन, खोलीभर पसरलेल्या फळ्या बघून त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि अहिराणीत विचारलं, "हाई काय शे भाऊ? बठ्ठी खोली भरी टाकी!" मी म्हटलं, रेल्वे आहे. "मंग आम्ही राहाले कोठे जावं?" असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. गल्लीतल्या पोरींना गुलाबाईला वर पाठवायचं त्यांनीच कबूल केलं.

पोरी आल्या. पाच-सहा जणी, वेण्या घट्ट, सतरंजीवर रांगेत बसल्या. गाणी नीट म्हटली. मी मागच्या खोलीतून गाडी सोडली, मुलगी दाराच्या फटीतून बघत होती. गाडी पुलावरून गेली, वळणावरून गेली, गुलाबाईसमोर थांबली. एक सांधा नाही वाजला. मला स्वतःच्याच हाताचा मुका घ्यावासा वाटला.

"शेंगदाणे?" एकीनं विचारलं. दाराआडून मुलगी म्हणाली, "नाही." "साखर?" "नाही." त्यांनी एकमेकींकडं बघितलं. "हरलो."

डबी उघडली, वेफर्स. सगळ्यांनी हात पुढं केले, खाऊ घेतला, "येतो हं काकू" म्हणून निघून गेल्या. मुलगी उड्या मारत होती. "पप्पा, हरल्या! पहिल्यांदाच हरल्या!" मी आणि तिची आई, आम्हीही हसलो.

दुसऱ्या दिवशी हरल्या. तिसऱ्या दिवशी हरल्या. आठवडाभर रोज हरल्या. मुलीच्या उड्या कमी होत गेल्या, आणि एका संध्याकाळी पोरी गेल्यावर ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हमसून हमसून रडायला लागली.

माझं डोकं सटकलं. "अगं, तुझ्यासाठी कानस धरून माझी सालं गेली! इथं रोज जिंकतेस आणि रडतेस?"

"त्या दोनदा विचारतात आणि हरलो म्हणतात," ती म्हणाली. "भांडतच नाहीत माझ्याशी. शाळेत पण कुणी भांडत नाही."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. जळगावात ही पोर रोज हरायची, चिडायची आणि त्याच पोरींच्या गळ्यात हात घालून अंगणात जायची. मी तिला हवं तसं सगळं गुळगुळीत करून दिलं होतं, आणि त्या पोरींना धरायला काही उरलंच नव्हतं. मला त्या रात्री भात गोड लागला नाही.

सकाळी मी करवत घेतली. पुढच्या खोलीत पोरी बसायच्या तिथला रूळ मी सरळ आडवा कापला. पावसाळा येईपर्यंत घासलेले ते सांधे होते, पहिल्यांदा करवत लावून मी परत उचलली, खोटं कशाला बोलू. चांगली रुंद फट केली, खालून पुन्हा तार जोडली. मग दुसरी, तिसरी. बायको चहा घेऊन आली. "काय करताय हे?"

"वाजवायचीय."

खाली बसून तिनं फळी धरली, मला कापायला सोपं जावं म्हणून.

त्या संध्याकाळी डबीत फुटाणे. मी मुलीला सांगितलं, माझ्याजवळ बसायचं नाही, तिकडं त्यांच्यात बस. गाडी निघाली. मागच्या खोलीत चिडीचूप, आणि गुलाबाईजवळ आल्यावर टक, खड! टक, खड! एक उंच मुलगी, माझ्या मुलीच्या वर्गातली, चटकन गुडघ्यांवर आली आणि तिनं कान फळीला लावला. "साबुदाणा!" दुसरी म्हणाली, "हट, साबुदाणा एवढा वाजतो का?" तिसरीला नीट ऐकू आलं नाही म्हणून तिनं गाडी परत पाठवायला सांगितलं. "काका, एकदा! एकदाच!" मी गाडी मागं नेली, पुन्हा आणली. रांग मोडली. माझ्या मुलीनं ओठ दाबले आणि ती छताकडं बघायला लागली. "फुटाणे! हिच्या तोंडाकडं बघा, फुटाणे!"

तिथून आमच्या घराची शांतता संपली. पोरींची संख्या वाढली. रुळाला कान लावून लावून, खाऊचे हात लावून लावून पितळ तेलकट आणि काळं पडलं, गाडी अडखळायला लागली. जळगावात मी एकदा चिंच लावून रूळ घासले होते, घरच्या पितळेच्या भांड्यांसारखे. सोन्यासारखे चमकले आणि दोन दिवसांत हिरवे झाले. तेव्हापासून मी साधं खोडरबर वापरायचो. ते कळल्यावर ती उंच मुलगी शाळा सुटली की स्वतःचं खोडरबर घेऊन वर यायची. मग दुसरीही. दोन-तीन पोरी ओणव्या होऊन रूळ खोडत बसायच्या, माझी मुलगी त्यांच्यावर ओरडायची, "इकडं राहिलंय, दिसत नाही का?" आणि त्या तिच्यावर. मी दुकानातून जेवायला यायचो तर मला माझ्याच रेल्वेला हात लावू द्यायच्या नाहीत. रुळाची देखभाल इतकी चांगली त्याआधी कधी झाली नव्हती.

कोजागिरी आली, गुलाबाईचा शेवटचा दिवस. गच्चीवर दूध आटत ठेवलं होतं. मुलीला आज जिंकायचंच होतं, पण भांडून. तिनं आणि आईनं दुपारी दार लावून काही तरी कट केला. डबी माझ्या हातात दिली तेव्हा ती अजिबात वाजत नव्हती. आईच्या चिंध्यांत खाऊ गुंडाळून आत कोंबला होता. चेहरा दिसू नये म्हणून तोंडाला ओढणी गुंडाळून ती पुढं जाऊन बसली. पूर्ण बंदोबस्त. मी डबी गाडीत ठेवली, रेग्युलेटरवर हात ठेवला आणि नेहमीसारखी हाळी दिली, "सोडू का?"

पुढच्या खोलीतून त्या उंच पोरीचा आवाज आला, "वेफर्स!"

मी तसाच पुढं आलो. "अगं, गाडी सुटली नाही अजून! सांधा वाजला नाही, डबी हलली नाही, ओळखलं कसं?"

"काका, आज शेवटचा दिवस," ती म्हणाली. "ही दुसरं काय ठेवणार? शाळेत पण रोज माझ्या डब्यातले खाऊन टाकते."

इतकी वर्षं मी त्या रुळांशी झटत होतो आणि ही पोर त्यांच्याकडं न बघताच जिंकली होती. एरवी मी तापलो असतो. पण ओढणी बाजूला झाली होती, माझी मुलगी हरली होती आणि पोट धरून हसत होती, आणि मला इतका आनंद झाला की मी सरळ मागं वळलो.

जाऊन गाडी सोडली. टकटक करत ती पुढच्या खोलीत शिरली, गुलाबाईसमोर थांबली, पण तिच्याकडं एकीचंही लक्ष नव्हतं. पहिली मूठ कुणाची यावरून सगळ्या जणी भांडत होत्या, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या मुलीचा होता.